आंबलां गो हें!

माझा भाचा तारवटी, बोटीवरच्या स्वयंपाकघरात असतो. या खेपेला सुट्टीवर येताना त्याने क्रीम फुलवायचा सायफन आणला. अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली, वर खटका. "मावशी, यात फळं घाल, गॅस भर. फळांचाच सोडा होतो."

गॅसच्या कुप्या दोन जातीच्या. क्रीमला नायट्रस ऑक्साइड, सोड्याला कार्बन डायऑक्साइड. मी अर्थातच आधी क्रीमवाली लावली. रात्रभर फ्रिजमध्ये राहून अननस थोडा गोडसर झाला, जिभेला मात्र ढिम्म.

दुसऱ्या वेळी 8 ग्रॅमची बरोबर कुपी. अर्धी केलेली द्राक्षं आणि गोव्यातल्या पर्रा गावच्या कलिंगडाच्या फोडी, बाटली गच्च न भरता. फळ आधीच थंडगार हवं, कारण गार पाण्यात हा वायू जास्त विरघळतो. कोमट सोडा मेलेला लागतो तो त्यामुळेच. सकाळी बाटली उभी धरून खटका हळूहळू दाबत सगळा गॅस सोडला. तो पुरता गेल्याशिवाय झाकण फिरवायचं नाही, नाहीतर कलिंगड छताला. (मयडे गावचं केळंही घालून पाहिलं होतं. रसच नाही, तर वायू विरघळणार कशात?)

पहिली फोड सासूबाईंना दिली. त्यांनी डोळे बारीक केले.

"आंबलां गो हें! उडय तें."

"आई, रात्रीच कापलंय, ताजं आहे."

पटेना. पटणार तरी कसं? काजूच्या मुलखात वाढलेली जीभ ती. बोंडूंचा नीरो, म्हणजे काजूच्या फळांचा ताजा रस, सकाळी नुसता गोड. उन्हं चढली की चुणचुणायला लागतो आणि मग पोरांच्या हातातला पेला काढून घेतात. तो पुढे भाटीच्या, म्हणजे दारूच्या भट्टीच्या, वाटेचा. फळ जिभेला टोचलं की ते हातचं गेलं, एवढा साधा हिशेब. आणि वायूही तोच! बोंडूच्या रसातलं यीस्ट साखर खाऊन जो सोडतं, तोच माझ्या कुपीत. प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1767 च्या सुमारास लीड्सच्या बिअरच्या कारखान्यात आंबणाऱ्या पिंपावर पाणी टांगून पहिला सोडा केला. म्हणजे सोड्याचं माहेरही आंबवणीचंच.

वर आणखी एक. ती चुणचुण बुडबुड्यांची, असं मी धरून चालले होते. पण जिभेवरचं एक विकर या वायूचं आम्ल करतं, आणि टोचतं ते मुख्यतः तेच. सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या तर. हे त्यांना सांगितलं नाही. घरात आधीच त्यांचंच खरं असतं.

बशी तशीच टेबलावर राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी येता-जाता एक फोड तोंडात टाकली, मग दुसरी. गॅस केव्हाच उडून गेला होता.

"आतां बरें जालें," म्हणाल्या, आणि बशी घेऊन बाल्कांवात गेल्या.