वास दुधालाच येत होता

डोंबिवलीत राहत्या घरातच पाळणाघर चालवते मी, चौदा वर्षं झाली. साडेतीन महिन्यांचं बाळ माझ्याकडे आता फारसं येत नाही कारण 2017 ला कायदा बदलला तेव्हापासून नोकरीवाल्या आयांना 26 आठवडे पगारी रजा मिळते. पण ऑफिसात दहा तरी माणसं असतील तरच तो कायदा लागू, आणि माझ्याकडे आलेल्या अशा एका बाळाच्या आईच्या ऑफिसात मोजून सात माणसं. तीन महिने रजा दिली वर पंधरा दिवस बिनपगारी, म्हणजे उपकारच केल्यासारखं. जॉइन व्हायच्या दहा दिवस आधी बाळाला सवय व्हावी म्हणून ती रोज सकाळी दहाला त्याला माझ्याकडे सोडायला लागली. पूर्ण अंगावर पिणारं बाळ, बाटली कधी तोंडाला लावलेली नाही. आम्ही त्याला सोन्या म्हणतो.

पोरीने तयारी मात्र जबरदस्त केली होती. तीन आठवडे रात्री उठून पंप करून फ्रीजरमध्ये वीसेक पिशव्या साठवलेल्या, प्रत्येकीवर तारीख. रोज दोन पिशव्या माझ्याकडे यायच्या.

पहिल्या दिवशी त्याने निपल तोंडात घेतलं, एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकून टाकलं. मला वाटलं पहिलाच दिवस आहे. दुसऱ्या दिवशी निपल बदललं, सगळ्यात हळू धार येणारं आणलं, कारण अंगावर पिताना बाळाला ओढून दूध आणावं लागतं आणि बाटलीतून ते आपणहून घशात उतरतं, तेव्हा ठसका लागतो आणि बाळ घाबरतं. आईची वापरलेली ओढणी खांद्यावर घेतली, मांडीवर जरा बसतं धरलं, तोंड बाहेर खिडकीकडे. काही नाही. तिसऱ्या दिवशी तर बाटली लांबून दिसली तरी ओरडायला लागला.

आणि सल्ले तर विचारू नका. शेजारच्या काकू म्हणाल्या निपलला मध लाव, मी सरळ नाही म्हटलं, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नसतं, त्यातून जंतूची विषबाधा होऊ शकते. बाकी सगळ्यांचं एकच, "भूक लागली की घेईल आपोआप". हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. भुकेने कळवळणाऱ्या बाळाला नवीन काही शिकवता येत नाही हो, ते फक्त रडतं, आणि पुढच्या वेळी बाटली दिसली की त्याला तेच रडणं आठवतं.

चौथा दिवस गुरुवार. दहाला आई सोडून गेली, बँकेची आणि बाकीची कामं करून अडीचला येणार होती. बारा वाजले, एक वाजला, सोन्याच्या पोटात थेंब नाही. लंगोट तपासला, ओला होता, टाळूला हात लावून बघितला, खोल गेलेली नव्हती, म्हणून जरा धीर धरला, पण दीडला आईला फोन करायचाच असं ठरवलं. शेवटचा प्रयत्न म्हणून दुसरी पिशवी कोमट पाण्यात धरून गरम केली, बाटलीत भरली, मनगटावर दोन थेंब टाकून बघितले, ठीक होतं. तो प्यायला नाहीच. रडून रडून खांद्यावर झोपला. घामाने माझे डोळे चुरचुरत होते म्हणून तोच हात कपाळावर फिरवला आणि नाकाशी एकदम साबणाचा वास आला.

माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं मदतनीस मुलीने बाटली नीट विसळली नाही की काय, चार दिवस बाळाला साबण पाजतोय आपण! बाटली, निपल, झाकण सगळं परत धुतलं, उकळलं, सुकवलं. मग पिशवीत उरलेलं दूध स्टीलच्या वाटीत ओतून नाकाजवळ नेलं. तोच वास. वास बाटलीला नव्हताच, दुधालाच येत होता.

फोन केल्यावर ती रिक्षाने दहा मिनिटांत आली. आधी बाळाला पाजलं, मग मी वाटी पुढे केली. तिने बोट बुडवून चाखलं आणि तिचा चेहराच पडला. "मावशी, माझं दूध खराब आहे का?" असं विचारलं तिने. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

खराब नव्हतंच. तिथूनच बाळाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी सगळं विचारून समजावलं. आईच्या दुधात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली चरबी फोडतं, काही जणींच्या दुधात साठवल्यावर हे काम इतकं होतं की साबणासारखा वास येतो. बाळाला अपाय नाही, पण काही बाळांना ती चव आवडत नाही. उपाय म्हणजे दूध काढल्या काढल्या गरम करायचं, कडेला बारीक बुडबुडे आले की गॅस बंद, उकळी येऊ द्यायची नाही, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीजमध्ये. एकदा वास आला की मग गरम करून जात नाही. त्या वीस पिशव्यांचं ऐकून ती रडलीच, रात्रीची झोप होती ती तिची. मी म्हटलं टाकू नकोस, तो सहा महिन्यांचा होऊन वरचं खाणं सुरू झालं की नाचणीच्या खिरीत घालून बघू.

आता दुधाचं कळलं, पण बाटलीची भीती तर बसलेलीच होती. मी बाटली दोन दिवस कपाटात बंद केली. आजींनी सोन्याच्या बाबाचं चांदीचं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, आणून दिलं, त्यातून ताजं दूध दिलं, शांतपणे चाळीस मिली प्यायला. खरं तर बोंडलं, वाटी-चमचा हेच बरं, धुवायला सोपं, डॉक्टर पण तेच सांगतात, आपल्याकडे 1992 च्या कायद्याने दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीलाच बंदी आहे. पण माझ्याकडे अजून सहा मुलं असतात आणि बोंडल्याने पाजायला अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून बाटली सोडून चालणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी झोपेतून नुकता उठत असताना, रडायच्या आत, निपल गरम पाण्यात बुडवून नुसतं वरच्या ओठाला टेकवलं. कोंबलं नाही. थोडा वेळ तो ओठांनीच चाचपत राहिला, मग आ केला. बाटली आडवी धरली, पाच-सहा घोटांनी खाली करायची, परत त्याने मागितली की द्यायची. वीस मिली. मग एक छोटी पकड आली माझ्या करंगळीवर आणि तो पीत राहिला, पन्नास झालं तरी सोडेना.

ती जॉइन झाली त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता लोकलमधून धावतपळत आली, चप्पल काढायच्या आधी वही बघितली. अकराला 70 मिली, दोनला 90, साडेचारला 60, शू पाच वेळा. सोन्याने तिचा आवाज ऐकून मान वळवली आणि तिने तिथेच दारात बसून त्याला पदराखाली घेतलं.