जर्मनने बुडवलेलं गाव

वालोरिसहून आणलेलं मातीचं भांडं ओट्यावर ठेवलं, तशी आई म्हणाली, "ह्यात आमटी करायची, की नुसतं बघायचं?"

त्या अख्ख्या गावालाच विचारावा असा प्रश्न!

वालोरिस दक्षिण फ्रान्समध्ये, सिनेमावाल्या कानच्या शेजारी. साथीने ओस पडलेलं हे गाव 1501 मध्ये जिनोव्हाकडची कुटुंबं आणून पुन्हा वसवलं. त्यांत कुंभारही होते आणि इथली माती आच सोसणारी निघाली. मग काय, पिढ्यान्‌पिढ्या रश्श्याची भांडी घडत राहिली. बाहेरून कोरी, आतून पिवळसर झिलई, धरायला पोकळ दांडा. झिलईत तेव्हा शिसं असायचं, म्हणून मी दुकानदाराला आधी तेवढं विचारून घेतलं.

विसाव्या शतकात ॲल्युमिनियम आलं आणि भट्ट्या थंडावत गेल्या. आमच्याकडे ॲल्युमिनियमला 'जर्मन' म्हणतात. जर्मनची पातेली, जर्मनचा डबा. त्या हिशेबाने ह्या फ्रेंच गावाचा धंदा जर्मननेच बुडवला म्हणायचा!

सावरला एका स्पॅनिश माणसाने. 1946 मध्ये पिकासो इथलं मातीकामाचं प्रदर्शन बघायला आला, मादुरा नावाच्या कारखान्यात त्याने मातीत हात घातला, आणि पुढे 1948 ते 1955 इथेच राहिला. ताटल्या, सुरया हजारोंनी केल्या. स्वयंपाकाच्या भांड्यांच्या फुटक्या खापरांवरसुद्धा चेहरे रंगवले. मला सगळ्यात आवडते ती 1950 ची शेळी. कुंभारांच्या उकिरड्यावरून उचललेल्या वस्तूंची केलेली: वेताच्या टोपलीचं पोट आणि मातीच्या भांड्यांची कास. दूध काढायला कोणी बसलंच तर धार खापरावर वाजेल.

बाजारचौकात त्याचा कोकरू धरलेला ब्राँझचा माणूस उभा आहे. आजूबाजूच्या दुकानांत भिंतीवर टांगायच्या ताटल्या आणि चिनीमातीचे रातकिडे रग्गड. चुलीवर चढेल असं भांडं मात्र मला चौथ्या दुकानात मिळालं, तेही खालच्या फळीवर, धूळ खात.

आईने ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. सकाळी मंद आचेवर त्यात आधी पेज शिजवली, मग आमटी. दोन दिवसांत बूड काळं. मी जरा हळहळलो. तिला पिकासोचं काही नाही, पण दांडा फार आवडला. सांडशी लागत नाही म्हणाली.