‘अपघात गेटबाहेर झालाय, कळवायचं कशाला?’

डिसेंबर 2024. दुपारी चार चाळीसला मी गोकुळ शिरगावातल्या आमच्या फाउंड्रीतून बाहेर पडलो. पिशवीत कास्टिंगचे दोन नमुने, खिशात डिलिव्हरी चलन. शिरोलीच्या एका मशीन शॉपला पोचवायचे होते. गाडी माझीच. पंचगंगेचा पूल ओलांडून सांगली फाट्याकडे आलो, तर पुढच्या ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकांखाली चिरडून रस्ताभर पसरलेला. हंगामात हे रोजचंच. ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, उजव्या कॉलरबोनचे मात्र दोन तुकडे.

एका टेम्पोवाल्याने कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा शिक्का पडला. तो शिक्का पुढे किती कामाचा ठरणार, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

तिसऱ्या दिवशी एचआरचे साहेब फोनवर म्हणाले, “आराम कर. सिक टाकूया, आजारपणाची रजा.”

“साहेब, मी कंपनीच्या कामावर होतो.”

“व्हय की, पण अपघात गेटबाहेर झालाय. बाहेरचं आपण कळवत नाही.”

खरं सांगतो, मला पटलं होतं. घोळ निस्तरला तो आमच्या गल्लीतल्या एका काकांनी. सगळी हयात उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस. बघायला आले आणि तब्येतीच्या आधी विचारलं, “सोळा नंबर भरला का?”

सोळा नंबर म्हणजे ईएसआयसीचा, कामगार राज्य विमा महामंडळाचा, अपघात अहवाल. आता तो फॉर्म 12 झालाय, पण जुनी माणसं सोळाच म्हणतात. मालकाला अपघात कळल्यापासून 24 तासांत तो ईएसआयसीला पाठवायचा असतो, आणि कारखान्याच्या अपघात वहीत नोंद करायची असते. आपलं काम एवढंच की साहेबाला किंवा फोरमनला लवकरात लवकर कळवणं, तोंडी असलं तरी चालतं. मी त्याच संध्याकाळी सुपरवायझरला फोन केला होता. कॉल लॉग होता.

“सिक टाकलं काय आणि अपघात टाकला काय, पैसे मिळाल्याशी कारण,” असं मी म्हणालो, तेव्हा काकांनी अक्षरशः कपाळाला हात लावला. आजारपणात ईएसआयसी पगाराच्या 70 टक्के देते, तेही वर्षात 91 दिवसांपर्यंत. कामावरच्या अपघातात 90 टक्के, आणि डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. माझा पगार 18,400. म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांवर फरक. शिवाय हात कायमचा अधू राहिला असता, तर मेडिकल बोर्ड आणि पुढची पेन्शन हे सगळं ‘अपघात’ लिहिलेल्या कागदावरच उभं राहतं. ईएसआयसीसाठी दरमहा पगारातून 138 रुपये कापून घेतले जातात ते कशासाठी, हे मला सहा वर्षांनी कळलं.

मग मी कायदा वाचला. तेव्हाच्या ईएसआय कायद्यात ‘नोकरीतील इजा’ची व्याख्या होती. नोकरीच्या कामातून आणि कामाच्या ओघात झालेला अपघात, मग तो भारताच्या हद्दीत होवो वा हद्दीबाहेर. कायद्याला परदेशसुद्धा चालत होता, आमच्या साहेबांना शिरोली लांब वाटत होती! घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही 2010 च्या दुरुस्तीनंतर यात येत होता, फक्त वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसायला हवा होता.

साहेबांची भीती वेगळी होती, ती नंतर उलगडली. त्यांना वाटत होतं फॉर्म भरला की फॅक्टरी इन्स्पेक्टर दारात. पण तेव्हाच्या कारखाने कायद्यातली सूचना कारखान्यात झालेल्या अपघाताची असायची, ज्यात मृत्यू होतो किंवा कामगार 48 तास वा अधिक कामावर येऊ शकत नाही. महामार्गावरचं माझं घसरणं त्यात बसत नव्हतं. कारखाने कायदा, ईएसआयसी आणि पोलीस ही तीन वेगळी खाती, आणि आमच्या ऑफिसात तिघांसाठी एकच शब्द, ‘रिपोर्ट’.

पोलिसांचंही गंमतीचंच. मोटार वाहन कायद्यात जखमी झालेल्या अपघाताची माहिती चालकाने 24 तासांत ठाण्यात द्यायची असते. पण चालक मीच, जखमीही मीच, आणि मी शुद्धीत असलो तरी हात गळ्यात. भाऊ जाऊन आला. हवालदार म्हणाले, “तक्रार कुणावर घेऊ? उसावर?” मग एमएलसी बघून डायरीत नोंद केली आणि उतारा दिला. दुसरं वाहन धडकून पळालं असतं तर हा कागद आणखी मोलाचा ठरला असता.

कंपनीला मी लेखी अर्ज दिला. सोबत चलनाची प्रत, गेट रजिस्टरच्या पानाचा फोटो, कॉल लॉग, डायरीचा उतारा. भांडलो नाही. फक्त एवढं लिहिलं की ही रक्कम ईएसआयसी देते, कंपनीच्या खिशातून जात नाही. फॉर्म अकराव्या दिवशी गेला. उशीर का, याचा खुलासा कंपनीने केला. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयाने गेट रजिस्टरची वेळ आणि अपघाताची वेळ ताडून पाहिली, सुपरवायझरचा जबाब घेतला. 47 दिवसांचे पैसे खात्यावर आले.

पुढे जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा वॉचमन 2003 साली पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवरून येताना वाटेत अपघातात मरण पावला होता. कोर्टाने तो अपघात नोकरीतलाच धरला. घरच्यांना बावीस वर्षं लागली.

माझं एकच राहिलंय. अपघाताच्या दिवसाचे पैसे ईएसआयसी देत नाही, तो पगार कंपनीचा. चार चाळीसला बाहेर पडून परत पंच केलं नाही म्हणून सिस्टिमने माझा अर्धा दिवस कापलाय. अर्ज दिलाय.