बाबांना आकाशातलं होकायंत्र दाखवलं

बाबा तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी होते. त्यांचं पितळी होकायंत्र अजून आमच्या फोंड्याच्या घरी आहे. आकाशातही एक होकायंत्र आहे हे कळलं तेव्हा ते बाबांना दाखवायचंच, असं मनात धरलं. दोन वर्षं लागली.

अर्गो नौका या जुन्या, भल्यामोठ्या ग्रीक तारकासमूहाच्या डोलकाठीपाशी असलेला, ‘होकायंत्र’ नावाचा हा इवलासा तारकासमूह. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लकाय १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपला राहून दक्षिणेचे तारे मोजत होते, त्यांनी तो आखला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४४ मध्ये त्याचं नाव ‘डोलकाठी’ करावं असं सुचवलं होतं. ते रुजलं नाही, बरं झालं.

यातला सर्वांत ठळक तारा अल्फा, तोही जेमतेम ३.७ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). आमच्या गच्चीवरून दिसण्याची आशाच नको. शिवाय पहिल्या वर्षी मी जानेवारीत रात्री नऊला शोधत बसले. तेव्हा तो नुकता उगवलेला, क्षितिजावरच्या धुरकटात बुडालेला असतो. मार्चअखेरीस त्याच वेळेला तो थेट दक्षिणेला, चाळीस अंशांच्या वर येतो.

म्हणून यंदा फाल्गुन अमावास्येला दक्षिण गोव्यातला गालजीबागचा किनारा गाठला. कासवं अंडी घालायला येतात म्हणून तिथे काळोख जपतात. वनखात्याच्या माणसाला विचारून सुरूच्या झाडांजवळ बसलो, टॉर्चला तांबडा कागद लावला, अर्धा तास डोळे काळोखाला सरावू दिले. दुर्बिणीच्या भिंगांवर खारी ओल सारखी धरत होती.

बाबांनी होकायंत्र तळहातावर धरून दक्षिण पक्की केली. गोव्यात सुई खऱ्या उत्तर-दक्षिणेपासून अंशभरच चुकते. उजवीकडे वर व्याध, खाली अगस्त्य. त्यांच्या डावीकडे, साधारण मधल्या उंचीवर नाओस हा तारा. हात लांब करून नाओसपासून एक मूठ वर-डावीकडे मोजली. सरळ बघितलं की अल्फा विरायचा, नजर जरा बाजूला नेली की परत यायचा. त्याच्याखाली लगेच बीटा, वर गॅमा; या तिघांची रांग म्हणजेच होकायंत्राची सुई. १०×५०च्या दुर्बिणीत तिन्ही एकदम मावत नाहीत, म्हणून खालून वर सरकत गेले.

मग दुर्बीण बाबांकडे दिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “सुई पूर्वेकडे कलली आहे गो.”

खरंच, गॅमाचं टोक डावीकडे, पूर्वेला झुकलेलं होतं. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.