यशवंत घाडगे यांच्या वाटेने: माणगाव, कासिनो आणि मोंतोने

इटलीला जाणारी मराठी मंडळी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करून परततात. त्याच देशात दुसऱ्या महायुद्धात आपल्या सातारा, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतली कितीतरी पोरं लढली आणि अनेक जण तिथेच कामी आले. यंदा आम्ही सहल आखली ती त्यांच्यासाठी, विशेषतः नाईक (हा त्यांचा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्यासाठी. पुढे कुणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून तपशिलात लिहितो आहे.

सुरुवात माणगावातून करा. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या वाहतूक कोंडीत आपण सगळेच अडकतो. तिथे तहसील कार्यालयासमोर घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांचं गाव पळसगाव याच तालुक्यातलं. तेव्हा जिल्हा कुलाबा होता, आताचा रायगड. कोकणात जाता-येता गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा आणि मुलांना सोबत उतरवा.

१० जुलै १९४४. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्यासाठीचं ब्रिटिशांचं सर्वोच्च पदक, त्यांच्या पत्नीने व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हस्ते स्वीकारला.

त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. नाव आहे ते कासिनोच्या स्मारकावर.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून कासिनोला थेट रेजोनाले (प्रादेशिक) गाडी मिळते, साधारण दोन तास लागतात. आरक्षण नसतं, त्यामुळे तिकीट आदल्या दिवशी काढायची गरज नाही. मात्र कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. युद्धस्मशानभूमी गावाच्या दक्षिण टोकाला, सांतांजेलो गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. स्टेशनवरून चालत जाता येतं. उन्हाळ्यात सकाळीच निघा, टोपी आणि पाणी जवळ ठेवा. दुपारी छोटी दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्याची सोय आधीच करून ठेवा.

आत शिरल्यावर समोर डोंगरावरचा मोन्ते कासिनोचा मठ दिसतो. जानेवारी ते मे १९४४ या काळात याच डोंगरासाठी चार लढाया झाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या लढाईत भारतीय चौथी डिव्हिजन होती. स्मशानभूमीत चार हजारांहून अधिक कबरी आहेत. मधे पाण्याचा लांब हौद आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच फलक. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची नावं या फलकांवर आहेत, तीही चार हजारांवर.

इथे एक गोष्ट घरूनच करून जा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धातल्या मृत सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधून फलकाचा क्रमांक लिहून घ्या. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग मनाला येईल तसं केलेलं आहे, आडनावाने सापडलं नाही तर पहिल्या नावाने शोधा. रेजिमेंटचं नावही तेव्हाच्या पद्धतीने ‘महारट्टा’ असं टाकावं लागतं. तिथल्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. तुमच्या गावच्या एखाद्या घरात ‘आजोबांचे भाऊ लढाईला गेले ते आलेच नाहीत’ एवढंच ठाऊक असतं. अशा घरासाठी ही एक ओळ फार मोलाची आहे. जाण्याआधी गावात विचारा, नावं घेऊन जा आणि फोटो काढून त्या घरी नेऊन द्या.

आम्ही फलकावर बोट ठेवून एकेक ओळ खाली येत होतो. मोरे, जाधव, शिंदे, पवार. इतक्या दूर, रोमन अक्षरांत आपल्या पंचक्रोशीतली आडनावं वाचताना घसा दाटून आला. मग यशवंत घाडगे सापडले. नावापुढे व्हीसी, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, अशी दोनच अक्षरं. हिंदू जवानांच्या शिळांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं असतं, तेही जवळ जाऊन वाचा. तिथे भिंतीतल्या धातूच्या कपाटात नोंदवही आणि अभिप्रायाची वही असते. मराठीत लिहा, खाली गावाचं नाव घाला.

हातात वेळ असेल तर सांतांजेलोच्या बाजूला गारी नदी पाहून या. मे १९४४ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने ती गोळीबारात ओलांडली. राजस्थानातल्या करौलीकडचे शिपाई कमल राम यांना इथल्याच पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. मठात जाणार असाल तर खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत.

मोंतोने हे पेरुजाच्या उत्तरेला, उंबेर्तिदेजवळचं डोंगरमाथ्यावरचं तटबंदीचं गाव. तिथे जायला गाडी भाड्याने घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. बस कमी असतात, रविवारी तर फारच. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातून काढून न्या. गाडी तटाबाहेर लावून चढ चढायचा, वयस्कर माणसं सोबत असतील तर सावकाश. जुलै २०२३ मध्ये या गावाने आणि इटालियन युद्धइतिहासकारांनी घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं. त्याचं लॅटिन ब्रीद आहे, ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’, म्हणजे आपण सगळे एकाच सूर्याखाली. तटावरून तिबरचं खोरं दिसतं. याच खोऱ्यातल्या लढाईत माणगावचा तो पोरगा पडला.

‘ते तर इंग्रजांसाठी लढले’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इटलीत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले, पाच हजारांवर मेले. हुकूम इंग्रजांचा होता हे खरंच, पण सोबत्यांसाठी मशीनगनवर धावून जाणं त्यांचं स्वतःचं होतं. जर्मनांच्या ताब्यातून सुटलेलं गाव ऐंशी वर्षांनी त्यांची आठवण ठेवतं, आणि आपण माणगावात पुतळ्यासमोरून हॉर्न वाजवत पुढे जातो, याचं वाईट वाटतं.

आणखी सवड असेल तर बोलोन्या-रिमिनी रेल्वेमार्गावरच्या फोर्लीला उतरा. तिथे खास भारतीय सैन्याची स्मशानभूमी आहे, आणि दहन झालेल्या जवानांच्या नावांचं वेगळं स्मारकही. तिथून सेनिओ नदी जवळ आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी तिथे सुरुंग पेरलेल्या काठावरून जखमींना पाठीवर घेऊन गेले, मशीनगनचे मोर्चे उडवले आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. ते जिवंत परतले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन. १० जुलै किंवा ९ एप्रिलच्या आसपास जाता आलं तर बघा, एप्रिलमध्ये हवाही चांगली असते. फक्त जुलैत खोल्या आगाऊ ठरवा.