जीप डायरी : डब्यातले बोल्ट आणि डोक्यावरच्या रेघा

या रविवारी गाडीला हातही लावला नाही. इंजिन-गिअरबॉक्स उतरवताना निघालेले बोल्ट महिनाभर बिस्किटांच्या डब्यात पडून होते. ते रॉकेलमध्ये भिजवले आणि तारेच्या ब्रशने घासत बसलो. काम रटाळ, पण एकेक डोकं उजळत गेलं तसं आधीच्या मिस्त्र्यांनी कुठे काय करून ठेवलंय ते दिसायला लागलं.

गाडी सीजे-३बी, मूळची अमेरिकन. त्यामुळे आटे इंची, बोल्ट तीन सुताचे (३/८ इंच) नाहीतर अडीच सुताचे (५/१६ इंच). डोक्यावर आकडा नसतो, बोल्टची ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा सांगणाऱ्या, मधून कडेकडे जाणाऱ्या रेघा असतात. तीन रेघा दिसल्या की मी वहीत बिनधास्त ‘ग्रेड ३’ लिहीत होतो. सगळी पानं खोडली. रेघा मोजायच्या आणि त्यात दोन मिळवायचे: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. या मापात ग्रेड ५ तुटायला चौरस इंचाला १,२०,००० पौंड लागतात, ग्रेड ८ ला १,५०,०००. कोरं डोकं असेल तर फार तर ग्रेड २ समजायचं.

डब्यातून निघाले ४१: तीन रेघांचे २६, कोरे ६ आणि ९ चक्क मेट्रिक, ‘८.८’ कोरलेले. यातला पहिला आकडा गुणिले शंभर, म्हणजे ८०० मेगापास्कलला (ताणाचं मेट्रिक माप) तुटणार. दुसरा सांगतो की त्याच्या आठ दशांशावर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जाणार. ग्रेड ५ चा हिशेब मेगापास्कलमध्ये केला तर ८२७ येतो. म्हणजे मिस्त्रीने ताकद बरोबर निवडली होती, घोळ आट्यांचा! व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या पट्टीवर) तीन सुताचा बोल्ट साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि यातले तीन दहाला टेकलेले. तीन भोकांचे जुने आटे गेले असणार, म्हणून एम-१० चा, म्हणजे दहा मिलिमीटर बोल्टचा, टॅप मारून (भोकात नवे आटे कापून) मोकळा झाला.

त्या नवांपैकी दोघांवर नुसतं ‘८.८’ आहे, बनवणाऱ्याची खूण नाही. नियमाने दोन्ही हव्यात. ते दोन बाजूला टाकले.

मग एक उचापत केली. एक कोरा बोल्ट नळीच्या तुकड्यातून घालून, व्हाइसमध्ये धरून टॉर्क रेंचने (पिळायला किती जोर लागतो ते काट्यावर दाखवणारा पाना) आवळला. आधी काटा नीट चढत होता. मग काटा जागीच थांबला आणि पाना मात्र लोण्यात फिरावा तसा फिरत राहिला. तुटायची वाट न बघता सोडवला. वरून काही कळत नव्हतं, पण नट बोटांनी फिरवत नेला तर मधल्या पाचसहा आट्यांवर अडकतो. तिथले आटे ओढले जाऊन विरळ झालेत. असा एखादा घेऊन हातात फिरवून बघाच.

बदली बोल्ट बघायला बुधवारी जुन्या बाजारात गेलो. दुकानदाराने काळा ॲलन बोल्ट पुढे केला, “हा घ्या दादा, १२.९, याच्यावर कडक काही नाही.” कडक आहे खरा, पण बिडाच्या भोकात बोल्टाआधी आटेच जातील. तीन रेघांचे बारा घेऊन आलो.

आता प्रश्न त्या तीन एम-१० भोकांचा. तशीच ठेवू, की हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी) घालून परत तीन सुतावर आणू? कोणी बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं कवच) केलंय का?