योक काढलेल्या अकरा ट्यूबा

बेळगावच्या वडगावातल्या एका गल्लीत रविवारी ई-कचरा गोळा करायला बसलो होतो. टेबल, काटा, टेम्पो आणि आम्ही दोघं. पत्रकं ऑफिसनं कन्नड-इंग्रजीत छापलेली. गल्लीतल्या आज्ज्या मराठी वाचतात हे दोनदा सांगून झालं होतं. दुपारी एकपर्यंत काट्यावर आलं काय, तर चार्जरांचा गुंता, दोन इस्त्र्या आणि एक मिक्सर. "फुकट नेणार व्हय? भंगारवाला पैसे देतोय की," असं म्हणून एक काकू फ्रीज न देताच आत गेल्या. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तीनच्या सुमारास तोच भंगारवाला हातगाडी घेऊन आला. गाडीवर अकरा पिक्चर ट्यूबा, जुन्या डबा टीव्हीच्या. पेट्या नाहीत, सर्किट बोर्ड नाहीत. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेवर बसणारा तांब्याच्या तारेचा योक एकीवरही नव्हता. योक ओढून काढताना मान मोडते, आत हवा शिरताना फुस्स करून आवाज येतो, मग ट्यूब मेली. एका ट्यूबच्या पडद्यावर मी समोरून बॅटरी मारली. पडद्याच्या आतल्या बाजूची पांढरी भुकटी जागोजागी पापुद्र्यासारखी सुटलेली.

"अण्णा, हे तुम्हीच न्या. मला काही उपयोग न्हाई," तो म्हणाला.

ऑफिसला फोन लावला. फुटक्या मानेची ट्यूब रिसायकलिंग प्लँट घेत नाही, परत पाठवा, म्हणाले. ते तसं का म्हणतात हे मला ठाऊक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्लँटला कंपन्यांना विकण्यासाठी जी प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम किती निघालं यावर. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत पाचव्या हिश्श्याच्या आसपास शिशाचं ऑक्साईड असतं, पण शिशाला तिथं रकानाच नाही. कागदावर अकरा ट्यूबांची किंमत शून्य. तांबं त्याच्या पोत्यात, शिसं माझ्या गळ्यात.

मी नाही म्हटल्यावर तो चिडला नाही. "मग नाल्यात टाकतो," एवढंच. बळ्ळारी नाला तिथून लांब नाही. पावसाळ्यात तो फुगला की पाणी थेट भाताच्या शेतात शिरतं. बेळगावच्या बासमतीचं कौतुक करणारे आम्हीच.

ट्यूबा घेतल्या. हातगाडीच्या भाड्याचे दीडशे खिशातून दिले. पावतीवर लिहिलं, 'टीव्ही, ११ नग'. 'काच' लिहिलं असतं तर टेम्पो प्लँटच्या दारातूनच परत आला असता. मंगळवारी प्लँटवरून फोन आला, अकरा टीव्हींत एकही बोर्ड कसा नाही? खुलासा लेखी मागितलाय. तो अजून दिलेला नाही. खरं लिहिलं तर पावती खोटी ठरते, आणि पावती खरी म्हणावी तर मी खोटा.

काल भंगारवाल्याचा फोन आला. "अण्णा, अजून सात हायत. ह्या वेळेला योक न काढता आणतो. एकाचे किती देता?"

ऑफिसला विचारलं. असा खर्चाचा हेड नाही म्हणाले.